शैक्षणिक कर्ज: पदवीला पुरतं, अकरावीला पोचत नाही

1985 मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. त्या काळातली किती तरी पोरं आयटीआयच्या किरकोळ फीवर कंपनीत लागली आणि कायम झाली. आज त्याच पट्ट्यात इंजिनिअरिंगची पदवी घेऊनही ठेकेदाराच्या हजेरीवर लागावं लागतं, आणि त्या पदवीचा खर्च सोयाबीनच्या एका हंगामात भागत नाही. म्हणून सरकारी बँकांचं शैक्षणिक कर्ज पालकांनी नीट समजून घ्यावं. सेवा चांगली आहे, फक्त सुरू उशिरा होते.

4 लाखांपर्यंत तारण नाही, तिसऱ्याचा जामीन नाही, स्वतःचा हिस्साही भरायचा नाही. आई किंवा वडील सहकर्जदार लागतात. 7.5 लाखांपर्यंत सरकारची पतहमी आहे. फीबरोबर वसतिगृह, मेस, पुस्तकं, लॅपटॉपही धरता येतो. त्यासाठी कॉलेजकडून यंदाचंच नव्हे, सगळ्या वर्षांच्या खर्चाचं शिक्क्यानिशी पत्र घ्या.

खरा फायदा व्याजात आहे. समजा चार वर्षं दर वर्षाच्या सुरुवातीला 1 लाख उचलले, व्याज 10 टक्के. शिक्षण आणि पुढचं एक वर्ष हप्ता नाही, पण सरळव्याज चढत राहतं: पाच, चार, तीन आणि दोन वर्षांचं मिळून 1 लाख 40 हजार. म्हणजे 5.4 लाखांवर हप्ता बसतो, दहा वर्षांसाठी महिन्याला सुमारे 7,140 रुपये. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 4.5 लाखांच्या आत आणि व्यावसायिक अभ्यासक्रम नॅक किंवा एनबीए (शिक्षणाचा दर्जा तपासून मानांकन देणाऱ्या संस्था) मान्य संस्थेत असेल, तर या सवलतीच्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं. मग हप्ता येतो सुमारे 5,290. महिन्याला अठराशे पन्नासचा फरक. पहिल्या नोकरीतल्या पोराचं खोलीभाडं त्यात निघतं. तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्याला एवढी किंमत आहे, आणि तोच दाखला लोक शेवटच्या आठवड्यात काढायला जातात.

6 नोव्हेंबर 2024 ला मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी वेगळी. तीत 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याज सवलत आहे, पण एनआयआरएफ (केंद्र सरकारची शिक्षणसंस्थांची क्रमवारी) यादीतल्या निवडक संस्थांपुरतीच. तालुक्याच्या खासगी कॉलेजला प्रवेश घेऊन ती मागू नका, आधी विद्यालक्ष्मी पोर्टलवरची यादी पाहा. दुसरी सरकारी शिष्यवृत्ती लागू असेल तर ही सवलत मिळत नाही.

मुलगी असेल तर कर्जाआधी महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारचं शिष्यवृत्ती पोर्टल. 2024-25 पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसमधल्या, 8 लाखांच्या आतल्या घरातल्या मुलींना कॅपमधून (सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशाची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्याला नाही. मग कर्ज लागतं ते राहण्या-खाण्यापुरतंच.

अडतं कुठे? बहुतेक वेळा वडिलांच्या सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर. दुष्काळात थकलेलं पीककर्ज तडजोडीत मिटवलं, तरी ‘तडजोड’ हा शेरा राहतो. अशा वेळी आईला सहकर्जदार करा; सोसायटीचा बेबाकी दाखला, सातबारा, आठ-अ आणि सहा महिन्यांचा खातेउतारा सोबत ठेवा. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच आहे का, हे जूनच्या आत तपासा. दुसरी अडचण वेळेची: कॅपच्या फेरीत जागा पक्की करायला मोजके दिवस मिळतात, मंजुरीला आठवडे लागतात. पहिल्या फीचे पैसे हाताशी असूच द्या.

आता मोठी उणीव. लातूर पॅटर्नच्या मागे लागलेल्या घरात सर्वात जड दोन वर्षं अकरावी-बारावीची असतात: क्लासची फी, खोली, मेस. ही योजना बारावीनंतरच्या मान्य अभ्यासक्रमांसाठी, त्यामुळे क्लासच्या पावतीवर एक रुपया मिळत नाही. तिथे आईच्या पाटल्या सोनेतारणाला जातात, नाहीतर सावकार. पुढे प्रवेश मिळतो तेव्हा घर आधीच कर्जात असतं आणि सिबिल खाली. आजोबांनी पोराला बारावीपर्यंत गावच्या नाहीतर तालुक्याच्या शाळेत शिकवलं, तेव्हा हा खर्चच नव्हता. बँकांनी आज तो गृहीत धरायलाच हवा.

‘हे गाव आमच्या शाखेत येत नाही’ असं तोंडी सांगून परत पाठवलं तर निघून येऊ नका. नकार वरच्या अधिकाऱ्याच्या संमतीनेच द्यायचा असतो. विद्यालक्ष्मी पोर्टलवरचा अर्ज क्रमांक दाखवा आणि कारण लेखी मागा.