जुन्या गाडीच्या काचेचं रबर: भिजवून मऊ करायचं का नवंच टाकायचं?

पद्मिनी २००१ ला बंद झाली, अ‍ॅम्बेसेडर २०१४ ला, त्यामुळं आज जी काही गाडी कुणाच्या शेडमधे उभी आहे तिचं काचेचं रबर कंपनीतून आलेलंच असेल तर ते कडक झालंय हे धरूनच चाला. त्यात आपल्याकडचं ऊन, परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४२-४३ ला जाऊन बसतो आणि दुपारी त्या काळ्या रबराला बोट लावायची सोय नसते. आता ज्याला त्याला एकच विचारायचं असतं, काही लावून मऊ होईल का बदलावंच लागेल.

माझं मत आधीच सांगून टाकतो, रबर किती कडक झालंय यावर ठरवू नका, ते गाडीत कुठं बसलंय यावर ठरवा. पुढच्या-मागच्या मोठ्या काचेचं असेल तर नवं टाका. दारातल्या तिकोनी काचेचं, म्हणजे क्वार्टर ग्लासचं असेल तर भिजवून बघण्यात अर्थ आहे. आणि दाराचं बिडिंग, म्हणजे दाराच्या कडेची रबरी पट्टी असेल तर डोकं लावत बसू नका, स्पंजचं असतं ते, एकदा दबून चपटं झालं की कुठल्याच औषधानं परत फुगत नाही, मीटरवर आणा न चिकटवा.

आता काहून ते बघू. उन्हानं, हवेनं रबराच्या आतले धागे एकमेकांत जास्तच गुंतत जातात आणि त्याला मऊ ठेवणारं तेल उडून जातं. गेलेल्या तेलाच्या जागी दुसरं काहीतरी भरता येतं, पण गुंतलेले धागे बाटलीतल्या कशानंच सुटत नाहीत. शिवाय हवेतला ओझोन, तो जिथं रबर ताणलेलं असतं तिथंच चिरतो, म्हणून भेगा आधी कोपऱ्यात पडतात. नखानं दाबून बघा, वाकवून बघा. नुसतं कडक असेल तर आशा आहे, वाकवल्यावर भेग उघडत असेल तर भिजवून फक्त मऊ भेग मिळेल.

सगळ्यात स्वस्त म्हणजे जागेवरच काहीतरी चोळणं. मेडिकलमधलं ग्लिसरीन रबराला काही करत नाही, आत मुरतही नाही, वरून ओलसर ठेवतं, रबर काचेला चिकटत नाही. पहिल्या पावसात धुऊन जातं आणि आपल्याकडची धूळ त्यावर मस्त बसते तेवढं सोडलं तर ठीक. सिलिकॉन स्प्रे जास्त टिकतो, पण गाडीला कलर मारायचा असेल तर आधी अजिबात नको, पेंटर शिव्या घालेल, सिलिकॉन जिथं लागलं तिथं रंगाला खड्डे पडतात. हे दोन्ही उपाय अजून धड असलेलं रबर धड ठेवायला आहेत, लाकूड झालेल्याला नाहीत. आणि गॅरेजवाले जे डिझेल, जळकं ऑइल, रॉकेल चोळतात ना, ते दोन दिवस लई भारी दिसतं, काळं कुळकुळीत आणि मऊ, पण मऊ झालंय ते फुगून झालंय, पुढं आकार सुटतो आणि ढिलं पडतं.

भिजवायचं ते विंटरग्रीन ऑइलमधे. वास ओळखीचा वाटेल, पाठदुखीच्या मलमात तेच असतं. एक भाग हे तेल, तीन भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, झाकणाचा डबा, आणि रबर पूर्ण बुडलं पाहिजे. हे तेल आत मुरतं आणि रबर खरंच वाकायला लागतं. पण तीन गोष्टी आहेत. एक तर सगळ्या रबरांवर चालत नाही, जुन्या साध्या रबरावर चालतं, नंतर आलेल्या ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबरावर फारसा फरक पडत नाही, आणि नुसतं बघून कुठलं ते कळत नाही, म्हणून आधी एक छोटा तुकडा टाकून बघा. दुसरं, भिजल्यावर रबर लांबीला वाढतं, तसंच ओलं बसवलं तर नंतर आकसून कोपऱ्यात फट पडते, धुऊन सावलीत ठेवा, मापाला येऊ द्या, मग बसवा. तिसरं, ते तेल हळूहळू उडतं, आणि उन्हात उभ्या गाडीत लवकर उडतं, म्हणजे शेडमधल्या गाडीला हा उपाय पुरतो, अंगणात उभ्या गाडीला परत परत करावा लागतो. आणि हो, घरात लेकरं असतील तर बाटली कुलपात ठेवा, चमचाभर तेलसुद्धा पोटात गेलं तर लहान लेकराच्या जिवावर बेततं. अल्कोहोल पेट घेतं हे वेगळं सांगायला नको, गॅसजवळ हा उद्योग नको.

मग मोठ्या काचेचं का नाही भिजवायचं? कारण भिजवायला ते सगळंच्या सगळं बाहेर यायला पाहिजे आणि कडक झालेलं रबर तसं निघत नाही, ओढाताणीत काच जाते. जुनी काच शोधणं रबर शोधण्यापेक्षा किती अवघड आहे ते शोधलेल्यालाच विचारा. म्हणून रबराची बाहेरची कड ब्लेडनं कापून टाकायची, रबराचा बळी द्यायचा, काच वाचवायची. आणि खरा फायदा पुढंच आहे, काच निघाली की खालचा पत्रा दिसतो. कडक रबरातून पाणी आत जाऊन त्या पन्हाळीत बसलेलं असतं आणि गंज आतून पत्रा खात असतो, वरून सिलिकॉनची ट्यूब मारून गळती बंद केली तर पाणी आतच कोंडतं आणि गंज जोरात चालू राहतो. रबराचा खर्च किरकोळ आहे हो, डेंटरनं खिडकीची चौकट कापून नवी वेल्ड करायची म्हटली की मग कळतं. त्यामुळं गळत असेल तर नवंच.

नवं म्हणजे दोन प्रकार. त्या गाडीसाठी साच्यातून काढलेलं अख्खं रबर, दिल्लीच्या कश्मीरी गेटला किंवा मुंबईत चौकशी केली तर पद्मिनी-अ‍ॅम्बेसेडरचं मिळून जातं, कोपरे बरोबर वळलेले असतात. नाहीतर मीटरवरचं, त्यासाठी जुन्या रबराचा अंगठ्याएवढा तुकडा कापून सोबत न्या, दोन्ही खाचा जुळल्या पाहिजेत, काचेची आणि पत्र्याची, आधीच्या मालकानं काच बदललेली असेल तर तिची जाडीही मोजा. सांधा कोपऱ्यात येऊ देऊ नका, सरळ भागात घ्या, आणि थोडं जास्तच कापा म्हणजे दाबून बसतं. मिळत असेल तर अख्खं घ्या असंच मी म्हणेन, मीटरवरचं क्वचित ऐकण्यात येणाऱ्या गाड्यांसाठी ठेवा. चोरबाजारात 'कंपनीचा जुना माल, पॅक' म्हणून काही दाखवलं तर पॅकिंग फोडून वाकवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, डब्यात ठेवलं म्हणून रबराचं वय थांबत नाही.

बसवताना रबर आधी काचेला चढवायचं, पत्र्याच्या खाचेत नायलॉनची दोरी फिरवायची, साबणाचं पाणी लावायचं, बाहेरून एकानं तळहातानं दाबायचं आणि आतून दुसऱ्यानं दोरी ओढत कड आत घ्यायची. ग्रीस, तेल काही नको. नवं रबर ताठ वाटलं तर बसवायच्या आधी अर्धा तास उन्हात टाका, आपल्या उन्हाचा एवढा तरी उपयोग. मृगाच्या आधी काम उरकलं तर बरं, आणि झाल्यावर पाइपनं पाणी मारून बघा, आत एकजण टॉर्च घेऊन बसवा आणि पाणी खालच्या कडेपासून वर वर न्या, एकदम वरून सोडलं तर सगळीकडूनच ओघळतं आणि नेमकं कुठून गळायलंय ते कळत नाही.