मँडरिन बोलताना: नाव घ्यायचं, ‘था’ म्हणायचं की गाळायचं?

मँडरिन शिकणाऱ्या मराठी माणसाच्या तोंडी पहिले काही महिने सर्वनामं फार येतात. वाक्याला कर्ता हवाच, असं आपण इंग्रजीतून धरून चाललेलो असतो. खरं तर तिथे तीन वाटा आहेत आणि सर्वनाम ही बहुतेक वेळा पहिली पसंती नसते.

पहिली वाट गाळण्याची. ‘ली जिंगली लाय ल मा?’ म्हणजे ली मॅनेजर आले का? उत्तर येतं, ‘लाय ल, त्साय खायहुइ.’ आले, मीटिंगमध्ये आहेत. कर्ता नाहीच. मराठीतही आपण हेच करतो, पण आपलं क्रियापद ‘आले’, ‘आली’, ‘आलो’ असं बदलून माणूस दाखवतं. मँडरिनचं क्रियापद कुणासाठीच बदलत नाही, सगळी भिस्त संदर्भावर. एकाच माणसाबद्दल बोलणं चालू असेल तर बिनधास्त गाळा.

दुसरी वाट ‘था’ची. तो, ती, ते, तिन्हींचा उच्चार एकच. लिहिताना चिन्हं वेगळी. ‘ती’साठीचं चिन्ह विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चिनी कवी आणि भाषातज्ज्ञ ल्यू बान्नोंग यांनी रूढ करायला घेतलं. कानाला त्याचा उपयोग शून्य. समजा ली मिंग पुरुष, वांग फांग बाई. ली मिंगने वांग फांगला फोन केला आणि मग ‘था खू ल’, म्हणजे रडला किंवा रडली. रडलं कोण? मराठीत ‘रडला’ म्हटलं की प्रश्न मिटतो, इथे नाव पुन्हा घ्यावंच लागतं. वस्तूंसाठी तर ‘था’ टाळलेलाच बरा. नाम परत म्हणा किंवा सोडून द्या.

तिसरी वाट नावाची, आणि घोळ खरा इथेच. वरिष्ठांना आडनाव अधिक हुद्दा: वांग लाओशी (वांग शिक्षक), ली जिंगली. बरोबरीच्यांत आडनावाआधी ‘लाओ’ (थोरला) किंवा ‘श्याओ’ (धाकटा), वय बघून. ‘ली ना’सारखं आडनावासकट दोन अक्षरी नाव मित्रसुद्धा अख्खं घेतात, नुसतं ‘ना’ म्हणणं फारच सलगीचं. तीन अक्षरी नावातलं आडनाव मात्र दोस्तीत गळतं.

शिक्षकांशी समोरासमोर बोलताना ‘नी’ (तू) म्हणू की आदरार्थी ‘नीन’ (तुम्ही)? बीजिंगमध्ये ‘नीन’ सर्रास ऐकू येतं, दक्षिणेकडे कमी. माझं मत विचाराल तर दोन्ही बाजूला ठेवा आणि सरळ ‘लाओशी’ म्हणा. ‘सर, चहा घेणार?’ म्हणतानाही आपण ‘तुम्ही’ कुठे म्हणतो?