रोमन नाण्यांचे मिंट मार्क वाचायला यूएसबी मायक्रोस्कोप: सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

बॉक्सवर "१००० पट" लिहिलंय ते आधी विसरा. मी हा घेतला तो एकाच कामासाठी, चौथ्या शतकातल्या रोमन तांब्या-ब्राँझच्या नाण्यांवरचे मिंट मार्क (टाकसाळीच्या खुणा) वाचायला, आणि एवढ्या महिन्यांत २० पटीच्या वर जायची वेळ जवळपास आलीच नाही. त्याच्या पुढे गेलं की अक्षर गायब आणि स्क्रीनभर नुसता गंज.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. इ.स. २९४ च्या सुमाराला रोमन सम्राट डायोक्लेशियनने नाणी सुधारली, तेव्हापासून मागच्या बाजूला चित्राखाली जी आडवी रेघ असते तिच्या खालच्या पट्टीत टाकसाळीची खूण नियमित यायला लागली. गावाचं आखूड नाव आणि त्या टाकसाळीतल्या कारखान्याचा, म्हणजे ऑफिसिनाचा नंबर. "एसएमएएनए" असेल तर एसएम म्हणजे सॅक्रा मोनेटा, एएन म्हणजे अँटिओक आणि शेवटचा ए म्हणजे पहिली ऑफिसिना. पूर्वेकडचे अल्फा, बीटा, गॅमा असे ग्रीक अक्षरांत मोजतात, पश्चिमेकडे पी, एस, टी म्हणजे प्रीमा, सेकुंडा, टर्शिया, त्यामुळे टीआरपी म्हणजे ट्रीयरची पहिली ऑफिसिना (आपल्या चॅनलवाल्यांचा टीआरपी नव्हे). नाणं सगळं मिळून १५ ते १८ मिलीमीटर, त्यात ही पट्टी, त्यात हे अक्षर, आणि वर सोळाशे-सतराशे वर्षांची झीज. इकडे इंग्लंडमध्ये असली नाणी डीलरकडे ट्रेमध्ये ढिगाने पडलेली असतात, ग्रॉट्स म्हणतात त्यांना, त्यामुळे सरावाला माल कमी पडत नाही.

आता मुख्य मुद्दा, लाइट. मायक्रोस्कोपच्या तोंडाशी जी एलईडीची रिंग आहे ती या कामासाठी चक्क निरुपयोगी आहे, सगळ्या बाजूंनी सारखा उजेड पडतो, सावलीच पडत नाही आणि झिजलेलं अक्षर सपाट होऊन जातं. रिंग पूर्ण बंद करायची आणि साधा टेबल लॅम्प बाजूला अगदी खाली, जवळजवळ टेबलाला टेकेल असा ठेवायचा. मग नाणं ब्लू-टॅकच्या (पुन्हा काढता येणारी चिकट पुट्टी) गोळीवर बसवून हळूहळू फिरवत चारही बाजूंच्या उजेडात एकेक फोटो काढायचा. एका फोटोत जी उभी रेघ दिसत नाही ती दुसऱ्यात हमखास दिसते, गॅमा आहे की पी आहे याचा निकाल बऱ्याचदा असाच लागतो.

एक उदाहरण देतो. लांडगीण आणि दोन जुळी पोरं असलेलं "उर्ब्स रोमा" नाणं, खाली पीएल स्पष्ट, तिसरं अक्षर पुसट. लंडनचा मार्क पीएलएन असतो हे माहीत असल्यामुळे कोणाच्याही तोंडाला पाणी सुटेल, पण हा प्रकार सुरू झाला ३३० मध्ये आणि लंडनची टाकसाळ ३२५-२६ च्या आसपासच बंद झालेली, म्हणजे लंडनचा प्रश्नच मिटला, हे ल्याँ (फ्रान्समधल्या शहराची टाकसाळ). हे कळायला मायक्रोस्कोप लागलाच नाही! तो लागला तिसरं अक्षर जी आहे की सी ते बघायला, कारण ल्याँने पीएलजी आणि पीएलसी दोन्ही वापरलेत आणि त्यावरून इश्यू, म्हणजे नाण्यांची कुठली खेप ते, बदलतो. डावीकडून लाइट टाकल्यावर गोलाई दिसली, आतली छोटी दांडी नाही, म्हणजे सी.

तसंच कॉन्स्टँटिनोपल आणि आर्ल (हेही फ्रान्समधलं) या टाकसाळींचं. आर्लला काही काळ कॉन्स्टँटिना नाव दिलेलं, त्यामुळे दोन्हीकडे "कॉन्स". आधी पी किंवा एस असेल तर आर्ल, नंबर शेवटी ग्रीक अक्षरात असेल तर कॉन्स्टँटिनोपल. पण पहिलं अक्षर नाण्याच्या कडेबाहेर गेलेलं असेल तर कितीही महाग यंत्र आणा, जे छापलंच गेलं नाही ते दिसणार नाही.

तक्रारी बऱ्याच आहेत. स्टँड प्लास्टिकचा आणि हलका, मान दोन-तीन महिन्यांत ढिली झाली, आता फोकस लावून हात काढला की कॅमेरा हळूच खाली येतो. फोटोचं बटण मायक्रोस्कोपच्याच अंगावर, दाबलं की फोटो हललाच, त्यामुळे लॅपटॉपवरूनच काढायचा. सोबतचं सॉफ्टवेअर इन्स्टॉलच करू नका, साध्या कॅमेरा ॲपमध्ये चालतो. रंगांवर तर अजिबात विश्वास ठेवू नका, तपकिरी पॅटिना (जुन्या धातूवर चढलेला थर) निळसर दाखवतो.

एक फायदा मात्र मी धरला नव्हता. ब्राँझ डिसीज (ब्राँझला आतून खाणारा गंज) लवकर पकडता येतो, अक्षरांच्या खाचेत फिकट हिरवी भुसभुशीत पूड डोळ्यांना दिसायच्या आधी स्क्रीनवर दिसते, मग ते नाणं लगेच बाकीच्यांपासून वेगळं ठेवता येतं.

घ्यायचा का? नुसतं वाचायचं असेल तर आधी दहा पटीची चांगली लूप (हातातलं छोटं भिंग) घ्या, हातात नाणं तिरकं करत बघण्याची मजा आणि वेग दोन्ही तिच्यातच आहे. फोटो ठेवायचे असतील, ओसीआरई या रोमन नाण्यांच्या ऑनलाइन कॅटलॉगवरच्या नोंदींशी शांतपणे बसून जुळवायचं असेल किंवा कोणाला दाखवून विचारायचं असेल, तर हा घ्या, पण जड बुडाचा लोखंडी स्टँड वेगळा घ्यायची तयारी ठेवूनच. मी तीन स्टार देतोय, त्यातला एक माझ्या टेबल लॅम्पचा आहे.