कहूत, गूगल फॉर्म की प्लिकर्सची कार्डं?

एफवायच्या (पदवीच्या पहिल्या वर्षाच्या) वर्गात शेवटच्या बाकांना बोलतं करायला ऑनलाइन काय वापरू, असं नाशिकमधले दोन-तीन नवीन प्राध्यापक विचारत होते, तर मी फिजिक्सला जे तीन प्रकार वापरलेत त्यांचं सांगतो.

कहूत म्हणजे फोनवर खेळायची प्रश्नमंजुषा. तिला मजा येते, यात वादच नाही, पोरं बाक वाजवतात. पण त्यात जितकं लवकर उत्तर तितके पॉइंट जास्त, आणि आपल्याकडे पेठ-सुरगाण्यासारख्या दुर्गम तालुक्यांतून आलेल्या पोराचा फोन जुना, डेटा संपत आलेला, पान उघडेपर्यंत शहरातल्या कॉलेज रोडवाल्याने बटण दाबलेलं असतं. येत असूनही तो खाली. टायमर वाढवा, नाहीतर सरळ पॉइंट बंद करा. रिव्हिजनला ठीक आहे, रोज नको.

गूगल फॉर्म एकदम शांत प्रकार. आदल्या रात्री तीन प्रश्न टाकायचे, सकाळी चहा पिता पिता शीट बघायची, गाडी कुठे अडलीय ते लगेच कळतं. मार्क मात्र देऊ नका, दिले की व्हॉट्सअ‍ॅपवर एकच उत्तर फिरतं. आणि वर्गात बोलणं काही यातून होत नाही.

माझं मत प्लिकर्सला, म्हणजे छापील कार्डं वाचणाऱ्या अ‍ॅपला. मुलांकडे फोन लागतच नाही! प्रत्येकाच्या हातात छापील कार्ड, जी बाजू वर धरली तो पर्याय, आपण फक्त आपल्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. हार्वर्डचे फिजिक्सचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१ पासून जे चालवलं तेच यावर करता येतं, म्हणजे आधी एकट्याने उत्तर, मग शेजाऱ्याशी वाद, मग पुन्हा उत्तर. मी विचारतो, दगड सरळ वर फेकला, अगदी वरच्या टोकाला त्याचं त्वरण किती? पहिल्या फेरीत बहुतेक कार्डं शून्यावर. मी गप्प बसतो, पाच मिनिटं नुसता गोंगाट, आणि दुसऱ्या फेरीत बरेच जण ९.८ मी/से² या बरोबर उत्तरावर येतात, खालच्या दिशेने हेही कुणीतरी मागून ओरडतं. बरोबर उत्तरं ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये असली तर चर्चा रंगते, त्याहून कमी असतील तर मुकाट्याने परत शिकवा.

कार्डं ६३ पर्यंतच मिळतात, वर्ग मोठा असेल तर दोघांत एक द्या, भांडण आपोआप सुरू होतं. झेरॉक्सवाल्याला जाड कागदावर काढायला सांगा, चकचकीत लॅमिनेशन नको, ट्यूबलाइट चमकते आणि कॅमेऱ्याला कार्ड वाचता येत नाही.