क्लिनिकल रिसर्चची ऑनलाइन बॅचलर्स: अर्ज सोपा, क्रेडिटचा हिशेब अवघड

ज्या विद्यापीठात अर्ज केला त्याचं नाव इथे लिहीत नाही. प्रवेश मिळालाय, तिथेच शिकायचंय, आणि खाली जे येणार आहे त्यातलं निम्मं त्यांच्या कौतुकाचं नाही. विद्यापीठ अमेरिकेतलं, आमच्या नॉर्थ कॅरोलायनाबाहेरचं. पदवी क्लिनिकल रिसर्च ॲडमिनिस्ट्रेशनची, पूर्णपणे ऑनलाइन, आणि आधी कुठेतरी दोनेक वर्षं शिकून आलेल्यांसाठी आखलेली. हा रिव्ह्यू शिकवण्याचा नाही, ते अजून सुरू व्हायचंय. चौकशीच्या पहिल्या फॉर्मपासून डिपॉझिट भरेपर्यंत काय काय होतं, तेवढंच.

मी सांगलीकडची डी. फार्म. (फार्मसीचा डिप्लोमा), फार्मसी कौन्सिलच्या ईआर-91 या जुन्या नियमावलीच्या जमान्यातली. लग्नानंतर एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे मिळणाऱ्या व्हिसावर इकडे आले, ग्रीन कार्ड झाल्यावर फार्मसी टेक्निशियन झाले, आणि आता एका हॉस्पिटलच्या कॅन्सर ट्रायल्सच्या (पेशंटांवर होणाऱ्या औषधचाचण्यांच्या) विभागात कोऑर्डिनेटर आहे. कॅरी-डरहमच्या या पट्ट्यात हे क्षेत्र अंगावरच येतं. रिसर्च ट्रँगल पार्क 1959 पासूनचं, आज आयक्यूव्हिया म्हणतात त्यातली क्विंटाइल्स ही सीआरओ, म्हणजे औषध कंपन्यांसाठी ट्रायल चालवून देणारी कंपनी, 1982 मध्ये इथेच निघाली. गणपतीच्या जेवणाच्या रांगेत उभं राहा, पुढे नाहीतर मागे एक सीआरओवाला निघतोच.

पेशंटला कन्सेंट (संमतीपत्र) समजावणं, व्हिजिटा लावणं, सोर्स डॉक्युमेंट म्हणजे मूळ नोंदी भरणं, त्या तपासणारा मॉनिटर येऊन गेला की त्याच्या क्वेरी मिटवत बसणं, हे माझं रोजचं काम. एसीआरपी या क्लिनिकल रिसर्चवाल्यांच्या संस्थेची कोऑर्डिनेटरसाठीची सीसीआरसी परीक्षाही पास आहे, तिथे अनुभवाचे तास मोजतात. पण सीनियर कोऑर्डिनेटरची जागा निघाली की एचआरच्या ऑनलाइन फॉर्मवर ‘बॅचलर्स आहे का’ असा चौकोन येतो. ‘नाही’वर टिचकी मारली की अर्ज माणसाच्या नजरेलाही पडत नाही. ज्या नव्या मुलामुलींना मी डेलिगेशन लॉग (ट्रायलमधलं कुठलं काम कुणाकडे याची नोंद) कसा भरायचा ते शिकवते, ती दोन वर्षांत माझ्या पुढे जातात. म्हणून ही पदवी. ज्ञानाची तहान वगैरे नाही.

चौकशीचा फॉर्म भरला आणि पाचेक मिनिटांत फोन वाजला. गोड आवाज, ‘एनरोलमेंट ॲडव्हायझर’. त्यानंतर रोज फोन, मेसेज, ईमेल. अर्जाची फी माफ करून दिली, मुदत ‘खास तुमच्यासाठी’ वाढवून दिली. इतकी आपुलकी लग्न जमवणाऱ्या बाईंनीसुद्धा कधी दाखवली नव्हती. तिसऱ्या-चौथ्या फोनला मी सरळ विचारलं, तुमचा पगार विद्यापीठ देतं की दुसरं कुणी? बाई अडखळल्या, पण खरं बोलल्या. त्या एका खासगी कंपनीच्या होत्या.

हे बेकायदा नाही, पण माहीत असलेलं बरं. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं ऑनलाइन कोर्सची जाहिरात, फोनाफोनी, वेबसाइट हे सगळं बाहेरच्या कंपनीला देतात. त्यांना ओपीएम म्हणतात, आणि अनेक करारांत फीचा मोठा वाटा त्या कंपनीला जातो. किती मुलं भरती केली त्यावर कमिशन द्यायला 1992 च्या कायद्याने बंदी आहे. पण 2011 मध्ये शिक्षण खात्याने अशी वाट ठेवली की भरतीसोबत इतर सेवाही देणाऱ्या कंपनीला फीतला हिस्सा घेता येतो. त्यातली सगळ्यात गाजलेली टूयू कंपनी जुलै 2024 मध्ये दिवाळखोरीच्या कोर्टात गेली होती. एवढं कळलं की ॲडव्हायझरच्या बोलण्याला किती वजन द्यायचं ते आपोआप ठरतं. बाई स्वभावाने चांगल्या होत्या, कागद वेळेवर मागायच्या. फक्त क्रेडिटविषयी, म्हणजे आधीच्या शिक्षणातलं किती इथे धरलं जाईल याविषयी, त्या जे बोलतील त्यातलं काहीही धरून चालू नका. तो निर्णय त्यांच्या हातातच नसतो.

फॉर्म स्वतः सोपा आहे. रेझ्युमे, पाचशे शब्दांचं निवेदन, आधीच्या शिक्षणाच्या ट्रान्सक्रिप्ट (विषयवार गुणांची अधिकृत प्रत). भारतातलं शिक्षण असेल तर परदेशी शिक्षण इथल्या मापात बसवून देणाऱ्या एजन्सीकडून त्याचं विषयवार मूल्यांकन. खरी अडचण आली ती नावापाशी. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं, आणि तेही माहेरचं. पासपोर्टवर सासरचं आडनाव, मधे नवऱ्याचं नाव. फॉर्ममध्ये ‘पूर्वीचं आडनाव’ म्हणून एकच रकाना होता. मधलं नावही बदलतं हे त्या फॉर्म करणाऱ्याच्या डोक्यात कधी आलंच नसणार. मूल्यांकनाच्या रिपोर्टवर तर माझं माहेरचं आडनाव हेच माझं पहिलं नाव म्हणून छापून आलं. मग विद्यापीठाच्या सिस्टीममध्ये मी दोन बायका झाले, एकीचा अर्ज आणि दुसरीची ट्रान्सक्रिप्ट. ॲडव्हायझर रोज विचारणार, ‘ट्रान्सक्रिप्ट कधी येणार?’ आणि ती तिथेच दुसऱ्या बाईच्या फाइलमध्ये पडलेली. माझ्यासारख्या बायकांनी लग्नाचा दाखला आणि दोन्ही नावं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र पहिल्याच दिवशी अपलोड करावं, कुणी मागायची वाट न बघता. आणि एजन्सीला ईमेल करून आडनाव कुठलं, नाव कुठलं, ते आधीच सांगून ठेवावं.

ट्रान्सक्रिप्ट कॉलेजकडून सीलबंद पाकिटात, पाकिटाच्या तोंडावर सही-शिक्का, अशी लागते. माझ्या भावाने हे काम केलं. ऑफिसातल्या काकांनी पाकीट बंद केलं, शिक्का पुढच्या बाजूला पत्त्याशेजारी मारला, आणि ‘अहो, काही फरक पडत नाही’ म्हणाले. पडतो. भावाने तिथेच उभं राहून दुसरं पाकीट करून घेतलं, शिक्का अर्धा झाकणावर आणि अर्धा पाकिटावर.

आता मुख्य गोष्ट. अमेरिकेतली बॅचलर्स साधारण 120 क्रेडिटची. या कोर्सला बाहेरची जास्तीत जास्त 60 चालतात. एजन्सीने माझ्या डी. फार्म.ला 54 क्रेडिट दिली. मी खूश. विद्यापीठाने त्यातली 24 घेतली.

एजन्सी काय म्हणते आणि विद्यापीठ काय घेतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जाहिरातीत कुठेच ठळक लिहिलेलं नसतं. यादी बघितली तर हसावं की रडावं कळेना. ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी घेतलं, पण प्रॅक्टिकलचे तास सोडून. फार्माकॉलॉजी अँड टॉक्सिकॉलॉजी, म्हणजे ज्या विषयाच्या जोरावर मी आज केमोच्या ट्रायलमध्ये टिकून आहे, तो ‘धंदेशिक्षण’ म्हणून बाहेर. फार्मास्युटिक्सचे दोन्ही पेपर बाहेर. ज्युरिसप्रुडन्स बाहेर, कारण कायदा भारताचा, 1940 चा ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स ॲक्ट इथे कुणाच्या कामाचा. आणि ड्रग स्टोअर अँड बिझनेस मॅनेजमेंट, जो आम्ही परीक्षेच्या आदल्या रात्री वाचून पास व्हायचो, तो मात्र मानाने आत! शेवटच्या 500 तासांच्या ट्रेनिंगला शून्य.

अर्जातला खरा कस इथे लागतो. पुनर्विचाराची सोय असते, पण ती मागावी लागते, आपणहून कुणी सांगत नाही. फार्मसी कौन्सिलच्या जुन्या ईआर-91 नियमावलीत प्रत्येक विषयाचे थिअरी आणि प्रॅक्टिकलचे तास आणि धडेवार अभ्यासक्रम छापलेला आहे, आणि तो मुळात इंग्रजीतच आहे, भाषांतराचा खर्च नाही. त्याची पानं काढली. शेजारी विद्यापीठाच्याच कॅटलॉगमधले मिळतेजुळते कोर्स मांडले. नुसतं ‘कृपया फेरविचार करावा’ लिहून भागत नाही. तुमचा हा कोर्स आणि माझा हा पेपर, तुमचे इतके तास आणि माझे इतके, असं समोरासमोर ठेवावं लागतं. मग हे सगळं ॲडव्हायझरला न पाठवता थेट कोर्सच्या संचालक प्राध्यापकांना आणि रजिस्ट्रारच्या ऑफिसला पाठवलं. 24 ची 39 झाली. एका क्रेडिटला सहाशे डॉलर धरले तर पंधरा क्रेडिटचे नऊ हजार डॉलर, आणि वर जवळपास एक सेमिस्टर. रजिस्ट्रारच्या ऑफिसने मात्र काम चोख केलं, प्रत्येक विषयापुढे कारण लिहून उत्तर दिलं. त्यांना पैकीच्या पैकी गुण.

हा क्रेडिटचा कागद लेखी हातात पडेपर्यंत डिपॉझिट भरू नका. ‘प्रवेश घ्या, मूल्यांकन पहिल्या सेमिस्टरमध्ये करू’ असं मलाही सांगितलं होतं. नम्रपणे नाही म्हणायचं.

टक्क्यांचं टेन्शन घेऊ नका. आपल्याकडचे बासष्ट टक्के बघून इथला माणूस नापास समजेल अशी भीती मलाही होती. पण एजन्सी आपल्या फर्स्ट क्लासला फर्स्ट क्लासच्याच मापाने मोजते. फॉर्ममध्ये स्वतः जीपीए (इथली गुणांची सरासरी) काढून लिहू नका, इतकंच.

निवेदनात ‘लहानपणापासून वैद्यकीय क्षेत्राची आवड’ लिहायचा मोह टाळा. मी एकच प्रसंग लिहिला. प्रोटोकॉलमध्ये बदल झाला, आयआरबीने (हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीसारखं मंडळ) नवा कन्सेंट फॉर्म मंजूर केला, आणि जुन्या फॉर्मवर सह्या केलेल्या पेशंटांना पुन्हा बोलावून, काय बदललं ते सांगून, नव्याने सह्या घ्यायच्या होत्या. त्यातल्या एका आजोबांनी विचारलं, ‘आता नाही म्हटलं तर चालेल का?’ चालेल, म्हणून तर विचारतोय, एवढंच मी म्हणाले होते. संचालक बाईंनी मुलाखतवजा फोनवर याच परिच्छेदाबद्दल विचारलं. म्हणजे वाचतात.

अभ्यासक्रमाची परीक्षा मी माझ्या पद्धतीने घेतली. जीसीपीच्या कोर्सचा सिलॅबस मागितला. जीसीपी म्हणजे आमच्या धंद्याचं बायबल, ट्रायल नीट कशा चालवायच्या हे सांगणारी आयसीएच या आंतरराष्ट्रीय संस्थेची ई-सिक्स मार्गदर्शिका. तिची तिसरी सुधारणा, आर-थ्री, जानेवारी 2025 मध्ये अंतिम झाली. मला आलेल्या सिलॅबसमध्ये 2016 ची आर-टूच होती. विचारलं तर पुढच्या सेमिस्टरपासून बदलतोय असं उत्तर आलं, तेही प्राध्यापकांकडून आणि दोन दिवसांत. उत्तर पटलं. पण जाहिरातीत ‘उद्योगाच्या ताज्या गरजांप्रमाणे’ असं लिहिलं होतं, म्हणून अर्धा गुण कापला. बाकी टस्कीगी (पेशंटांना फसवून झालेला कुप्रसिद्ध अभ्यास), बेलमॉन्ट रिपोर्ट (संशोधनातल्या नीतीची तत्त्वं), अमेरिकेच्या औषध खात्याचे म्हणजे एफडीएचे नियम, एपिडेमिऑलॉजी (रोगांच्या प्रसाराचा अभ्यास), स्टॅटिस्टिक्स, ट्रायलचं बजेट हे सगळं आहे. बजेटचा कोर्स बघून आनंद झाला. आमच्याकडे ते एकाच बाईंना येतं आणि त्या कुणाला शिकवत नाहीत.

पैशाचं थोडक्यात. ग्रीन कार्ड असेल तर फाफसा, म्हणजे सरकारी शैक्षणिक मदतीचा अर्ज, भरता येतो, एच-फोरवर सरकारी मदत नाही. नवऱ्याचा पगार धरतात, त्यामुळे आम्हाला पेल ग्रांट (कमी उत्पन्नवाल्यांना परत न करायची सरकारी मदत) मिळाली नाही. नोकरी देणाऱ्याने दिलेली फी वर्षाला 5,250 डॉलरपर्यंत करमुक्त असते. माझं हॉस्पिटल ती देतं, आणि त्याच बेताने मी वर्षाला किती कोर्स घ्यायचे ते ठरवलंय.

पुण्याहून, नाशिकहून भाचरं विचारतात, ‘मावशी, हे आम्ही केलं तर अमेरिकेला येता येईल का?’ नाही रे बाबा. पूर्ण ऑनलाइन कोर्सवर स्टुडंट व्हिसासाठी लागणारा आय-ट्वेंटी हा विद्यापीठाचा कागद मिळत नाही, म्हणजे व्हिसा नाही आणि शिक्षणानंतर काही काळ काम करायची परवानगी, ओपीटी, तीही नाही. भारतात परत सरकारी कामासाठी अशा पदवीची समकक्षता मिळवणंही अवघड. तिथे राहून या क्षेत्रात यायचं असेल तर आधी एखाद्या हॉस्पिटलच्या ट्रायल साइटवर काम धरा, एथिक्स कमिटीची कागदपत्रं हाताळा, 2019 चे न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स वाचा. इतके डॉलर घालायची गरज नाही.

आणि इथे राहणाऱ्या, पण या कामाचा अजिबात अनुभव नसलेल्या मैत्रिणींना मी हा कोर्स सुचवणार नाही. आमच्या भागात डरहम टेक कम्युनिटी कॉलेजात क्लिनिकल ट्रायल्सची दोन वर्षांची असोसिएट पदवी आहे, विल्मिंग्टनच्या यूएनसीत (राज्याच्या सरकारी विद्यापीठात) क्लिनिकल रिसर्चची बॅचलर्स आहे. राज्यातल्या रहिवाशाला राज्याचीच फी लागते. ते आधी बघा. ऑनलाइनवाला कोर्स माझ्यासारख्यांसाठी आहे, ज्यांना काम येतं, कागद नाही.

अर्जाच्या सोपेपणाला पाचपैकी चार, ॲडव्हायझरच्या फोनांना एक, रजिस्ट्रारला पाच, पुनर्विचाराची सोय लपवून ठेवण्याला शून्य. डिपॉझिट भरलंय. पहिल्या सेमिस्टरला स्टॅटिस्टिक्स घेतलंय, बारावीनंतर गणिताला हात लावलेला नाही आणि लेक आत्तापासूनच शिकवणीची फी मागतेय.