जुन्या ट्रॅक्टरच्या हेडसाठी सीसी मोजण्याचा संच: ब्यूरेट भरवशाची, प्लेट तोकडी

सिलिंडर हेडमधील, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणातील, ज्वलनकक्षाचे आकारमान मोजण्यासाठी जे तयार संच विकले जातात, ते कोणत्याही उत्पादकाचे घेतले तरी साधारण एकाच घडणीचे असतात: १०० मिलिलिटरची ब्यूरेट (मापाच्या खुणा आणि खाली चावी असलेली नळी), ती उभी धरणारा स्टँड, भोक पाडलेली पारदर्शक ॲक्रिलिक प्लेट आणि काही संचांत रंगाची लहान बाटली. उलट्या ठेवलेल्या हेडमधील कक्षाचे तोंड ग्रीसचा पट्टा लावून प्लेटने झाकायचे आणि भोकातून ब्यूरेटमधला द्रव कक्ष भरेपर्यंत सोडायचा; जितका द्रव गेला तितके कक्षाचे आकारमान. शर्यतीच्या मोटारींची इंजिने बांधणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे संच तयार झाले आहेत. फर्ग्युसन टीई२० किंवा फोर्ड ८एन यांसारख्या जुन्या ट्रॅक्टरच्या बिडाच्या हेडवर ते कितपत कामाला येतात, एवढ्याच प्रश्नापुरते हे परीक्षण आहे. माझे मत आधीच सांगतो: ब्यूरेटसाठी संच घ्यावा, प्लेट मात्र स्वतः कापून घ्यावी.

ब्यूरेटबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. १०० मिलिलिटरच्या अ वर्गाच्या ब्यूरेटमध्ये मान्य असलेली चूक ०.१ मिलिलिटर असते आणि ब वर्गात ती दुप्पट असते. ट्रॅक्टरच्या कामाला ब वर्गही पुरून उरतो. एक मिलिलिटर म्हणजेच एक सीसी असल्यामुळे आकडा बदलून घ्यावा लागत नाही. काचेची चावी असलेल्या ब्यूरेटपेक्षा टेफ्लॉनची चावी असलेली ब्यूरेट निवडावी, कारण काचेच्या चावीला ग्रीस लावावे लागते आणि रॉकेल वापरले की ते ग्रीस धुऊन जाऊन चावी पाझरू लागते. वाचन घेताना द्रवाच्या वक्र पृष्ठभागाचा सर्वांत खालचा बिंदू डोळ्यांच्या रेषेत आणावा. रंग फार गडद केला तर हा तळ नीट दिसत नाही, म्हणून संचातील रंगाचे एकदोन थेंबच पुरे.

आता प्रश्न मापाचा. फर्ग्युसनमधील स्टँडर्ड कंपनीच्या २०८८ सीसी इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८५ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९२ मिमी, म्हणजे एका सिलिंडरचे आकारमान ५२२ सीसी होते. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन खालच्या टोकाला असतानाची एकूण जागा भागिले वरच्या टोकाला असतानाची जागा, ६ हवा असेल, तर पिस्टन वरच्या टोकाला असताना उरणारी एकूण जागा ५२२ भागिले ५, म्हणजे सुमारे १०४ सीसी भरते. रेशो ५ असेल तर ती १३० सीसीच्या पुढे जाते. यातून हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या गॅस्केटची जागा वजा करावी लागते. दाबल्यावर दीड मिलिमीटर उरणारे, ८८ मिमी छिद्राचे गॅस्केट एकटेच ९ सीसी घेते. पिस्टन वरच्या टोकाला असतानाही लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळीच्या) काठापेक्षा थोडा खाली राहत असेल, तर तेवढी जागाही वेगळी धरावी लागते. हे सारे वजा करूनही ट्रॅक्टर व्हेपरायझिंग ऑइलवर (रॉकेलसारख्या इंधनावर) चालणाऱ्या, मुद्दाम कमी रेशो ठेवलेल्या इंजिनाचा कक्ष एका ब्यूरेटमध्ये मावत नाही. शंभराच्या खुणेवर चावी बंद करून ब्यूरेट पुन्हा भरावी लागते. पुन्हा भरल्याने चूक फारशी वाढत नाही, फक्त काम लांबते आणि मध्येच कोणी बोलायला आले तर आकडा विसरण्याची भीती असते. पहिले वाचन खडूने हेडवरच लिहून ठेवावे.

खरी उणीव प्लेटची आहे. संचातील प्लेट मोटारीच्या कक्षाच्या मापाची असते आणि ८५ मिमी बोअरच्या हेडवर ती कशीबशी बसते. पण फार्मऑल एमसारख्या ९८ मिमी बोअरच्या इंजिनावर तिच्या कडा इतक्या जवळ येतात की ग्रीसचा पट्टा लावायला जागाच उरत नाही. त्याहून मोठा प्रश्न जाडीचा आहे. पातळ प्लेट हाताने दाबली की मध्ये किंचित वाकते. ८५ मिमी व्यासाच्या तोंडावर सरासरी एक दशांश मिलिमीटरचा बाक आला, तर अर्ध्या सीसीहून अधिक फरक पडतो. ग्रीसचा थर जाड राहिला तर तेवढाच फरक उलट्या दिशेने पडतो. ब्यूरेटची सारी अचूकता अशा रीतीने प्लेटखाली वाया जाते. म्हणून दहा ते बारा मिलिमीटर जाडीचे ॲक्रिलिक हेडच्या मापाने कापून घ्यावे, भोक कक्षाच्या मध्यावर न पाडता काठाजवळ पाडावे आणि भोकाच्या खालच्या कडेला थोडा उतार द्यावा. हेड किंचित कलते ठेवून हे भोक सर्वांत उंच राहील असे बसवले, तर हवा आपोआप तिकडे सरकते. मधल्या भोकाच्या प्लेटखाली मात्र शेवटचा बुडबुडा स्पार्क प्लगच्या बाजूला अडकून बसतो आणि हेड कितीही हलवले तरी हटत नाही.

प्लेट ठेवण्याआधी हेडचा पृष्ठभाग सरळपट्टी आणि फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) तपासणे गरजेचे आहे, कारण जुने बीड बहुधा थोडे वाकलेले असते आणि वाकलेल्या हेडवर मोजलेला आकडा फेसिंगनंतर (पृष्ठभाग मशीनवर घासून सपाट केल्यावर) बदलतो. व्हॉल्व्ह हलक्या स्प्रिंगने बसवून सीटवर (व्हॉल्व्ह टेकतो त्या कडेवर) ग्रीसचा हलका हात फिरवावा आणि इंजिनात जो प्लग वापरायचा आहे तोच लावावा. मोजताना पोर्टमधून (व्हॉल्व्हमागच्या वाटेतून) द्रव गळू लागला, तर सीटचे ग्राइंडिंग नीट झालेले नाही हे त्याच वेळी कळते. हा या संचाचा न छापलेला उपयोग आहे.

फोर्ड ८एनसारख्या साइड व्हॉल्व्ह इंजिनाचे गणित वेगळे आहे. तिथे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असल्यामुळे हेडमध्ये प्लगखेरीज काही बंद करावे लागत नाही, पण कक्ष पिस्टन आणि दोन्ही व्हॉल्व्ह यांच्यावर पसरलेला असतो. संचातील प्लेट तो झाकूच शकत नाही. शिवाय बंद व्हॉल्व्हची डोकी ब्लॉकच्या पृष्ठभागावर जितकी वर येतात, तितके आकारमान वजा करायचे राहून गेले तर हिशेब चुकतो. अशा इंजिनासाठी लांबट प्लेट करून घेण्याला पर्याय नाही.

द्रवाविषयी संचाच्या सूचना तोकड्या आहेत. स्पिरिट चांगले पसरते आणि बुडबुडे सोडते, पण वारंवार वापरल्यास ॲक्रिलिकच्या कापलेल्या कडांवर बारीक तडे पडतात. रॉकेल ॲक्रिलिकला सोसते, पण ग्रीसचा पट्टा पातळ करते, त्यामुळे काम झटपट उरकावे लागते. भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब घातलेले रंगीत पाणी मला सर्वांत सोयीचे वाटते. फक्त मोजून झाल्यावर हेड लगेच पुसून तेलाचा हात द्यावा, नाहीतर सीटवर गंज धरतो.

एवढी अचूकता लागते का, हा प्रश्न रास्त आहे. वरच्या फर्ग्युसनच्या उदाहरणात एक सीसीची चूक झाली, तर रेशो ६ ऐवजी ५.९५ येतो आणि ट्रॅक्टरला ते जाणवणारही नाही. संचाचा खरा उपयोग चारही कक्ष एकमेकांशी ताडून पाहण्यात आहे. ओतकामात गाभा (आतली पोकळी घडवणारा साचा) थोडा सरकला असेल किंवा एखादा ३६ मिमीचा व्हॉल्व्ह वारंवार ग्राइंडिंगने एक मिलिमीटर खाली बसला असेल, तर तो कक्ष इतरांपेक्षा सुमारे एक सीसीने मोठा निघतो. इथे प्लेटचा बाक आणि ग्रीसचा थर चारही ठिकाणी सारखा ठेवला, तर त्यांची चूकही आपोआप कटते. दुसरा उपयोग फेसिंगआधीचा आहे. कक्षाचे तोंड बोअरएवढे आणि भिंती सरळ धरल्या, तर दर मिलिमीटर फेसिंगला सुमारे ५.७ सीसी कमी होतात. रेशो ५ वरून ६ वर न्यायचा तर २६ सीसी, म्हणजे साडेचार मिलिमीटरहून अधिक बीड काढावे लागेल, आणि एवढे बीड कोणताही समंजस मशीनवाला काढून देणार नाही.

खर्च टाळायचा असेल, तर मोठ्या सिरिंजने कक्ष भरून, भरण्याआधी आणि नंतर सिरिंज एक दशांश ग्रॅमच्या काट्यावर तोलता येते. साध्या तापमानाला एक ग्रॅम पाणी जवळजवळ एक सीसी असते. ही पद्धत ब्यूरेटइतकीच खरी उतरते, पण प्लेट तिलाही लागतेच, आणि चार कक्ष मोजताना दर वेळी सिरिंज पुसून काट्यावर ठेवणे कंटाळवाणे होते. सिरिंजच्या खुणांवर मात्र विसंबू नये.

डिझेल इंजिनासाठी मी हा संच सुचवणार नाही. त्याच मापाच्या सिलिंडरला १७ रेशो असेल तर उरणारी जागा जेमतेम ३३ सीसी असते, एका सीसीच्या चुकीने रेशो सुमारे ०.५ ने बदलतो, आणि पूर्वकक्ष (मुख्य कक्षाला जोडलेला छोटा कक्ष) असलेल्या हेडमध्ये अरुंद वाटेने अडकलेली हवा प्लेटच्या भोकापर्यंत येतच नाही.