गाला युझावा : बर्फ कधीच न पाहिलेल्यांनी आधी इथे जावं

पायात कधी स्की न घातलेल्या माणसाने जपानमध्ये पहिल्यांदा कुठे जावं, असं कुणी विचारलं तर मी गाला युझावा या स्कीच्या ठिकाणाचं नाव घेईन. मी सोलापुरात शाळेत खेळ शिकवते. नवशिक्याचे पाय कुठे अडतात आणि त्याचं मन कुठे खचतं, हे मला रोज दिसतं. त्यामुळे जागा निवडताना डोंगराची उंची आणि नाव मी बाजूला ठेवलं. पहिल्या दोन तासांत माणूस न घाबरता किती वेळा पडून उठेल, एवढंच बघितलं.

धाकटा भाऊ टोकियोजवळच्या ओमियाला राहतो. त्याचा आग्रह निसेकोचा होता. “ताई, एवढ्या लांब येताय तर निसेकोच बघा, सगळे तिथेच जातात.” होक्काइदो या उत्तरेकडच्या बेटावरचं निसेको खरंच मोठं आहे. एकाच डोंगराभोवती हिराफू, हानाझोनो, व्हिलेज आणि आन्नुपुरी अशी चार मैदानं, समोर योतेई पर्वत, आणि शिकवणारे बहुतेक इंग्रजी बोलणारे. पण टोकियोहून पुन्हा विमान, मग चितोसे विमानतळावरून बसने अडीच-तीन तास, आणि राहण्याचा खर्च डोळे पांढरे करणारा. ज्या भुसभुशीत कोरड्या बर्फासाठी जग तिथे धावतं, त्याचा नवशिक्याला काही उपयोग नाही. आपण पहिले दिवस यंत्राने दाबून सपाट केलेल्या उतारावरच असतो. खोल बर्फात नवा माणूस फक्त रुततो.

नागानोतल्या हाकुबा खोऱ्याबद्दलही बरेच जण विचारतात. १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकच्या काही स्की शर्यती तिथल्या हाप्पो-ओनेवर झाल्या, आणि तो उतार पहिल्या दिवसासाठी नाहीच. त्याच खोऱ्यातलं त्सुगाइके मात्र फार चांगलं. खालचा उतार रुंद आणि सौम्य, एकमेकांना धडकण्याची भीती कमी. तीन-चार दिवस मुक्काम करणार असाल तर त्सुगाइके जरूर बघा. कारुइझावालाही शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, सहज जाता येतं. तिथे बराचसा बर्फ यंत्राने तयार केलेला असतो. शिकायला तो चालतो, पण माझ्या सासूबाईंना डोळे भरून बर्फ बघायचा होता. त्यांचे गुडघे दुखतात, त्या स्की करणार नव्हत्या. नववीतल्या मुलीला स्की शिकायचं होतं. एकाच ठिकाणी दोघींची सोय हवी होती.

गालाचं मोठेपण तिथेच आहे. हे ठिकाण रेल्वे कंपनीच्याच समूहाचं, १९९० साली सुरू झालेलं. शिनकानसेन थेट स्कीच्या इमारतीत थांबते. हे स्टेशन फक्त बर्फाच्या हंगामात उघडं असतं. टोकियोहून साधारण सव्वा तास लागतो, ओमियाहून त्याहून कमी. फलाटावरून वर आलात की तिकीट, भाड्याचं सामान, कपडे बदलण्याची जागा आणि डोंगरावर नेणारा गोंडोला (तारेवरून जाणारा बंद पाळणा) एकाच छपराखाली. काही गाड्या अलीकडच्या एचिगो-युझावा स्टेशनलाच थांबतात. तिथून गालाची बस असते. गुडघे धरून चालणाऱ्या माणसाला बर्फातून ओढत न्यावं लागलं नाही, याचं मोल घरात म्हातारं माणूस असलेल्यालाच कळेल. स्की न करणाऱ्यांसाठी गोंडोलाचं फक्त जाऊन-येऊन तिकीटही मिळतं. सासूबाई वर आल्या, उपाहारगृहाच्या खिडकीशी बसल्या, बर्फ हातात घेतला, घसरगाडीवरची पोरं बघितली आणि मजेत राहिल्या.

एवढा बर्फ तिथेच का, हे सोलापूरकराला चटकन समजेल. सैबेरियाकडून येणारा थंड वारा जपानच्या समुद्रावरची वाफ उचलतो, एचिगोच्या डोंगरांवर आपटतो आणि सगळं ओझं निइगाता प्रांताच्या बाजूला, म्हणजे गालाकडे, टाकतो. पलीकडे टोकियोकडे कोरडं ऊन. महाबळेश्वर भिजतं आणि आपण पर्जन्यछायेत कोरडे राहतो, तसंच. गाडी बावीस किलोमीटरचा दाइशिमिझू बोगदा ओलांडते आणि या छायेतून बाहेर पडते. हा बर्फ होक्काइदोपेक्षा ओलसर आणि जड असतो, पण शिकणाऱ्याला त्याने फारसं बिघडत नाही.

आता शिकवणीबद्दल, कारण माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं तेच. आधी नोंदणी केली तर इंग्रजीतून शिकवणी मिळते. ती घ्याच. ओळखीच्या माणसाकडून शिकू नका, नवऱ्याकडून तर अजिबात नको. आमच्या प्रशिक्षिकेने सुरुवातीला काठ्या बाजूला ठेवायला लावल्या. मग एका पायात स्की घालून सपाटीवर चालवलं. त्यानंतर पडायला शिकवलं : मागे नाही, कुशीवर, डोंगराच्या बाजूला. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या करायच्या, नाहीतर उभं राहताराहताच माणूस सुटतो. मी शाळेत लांब उडीच्या आधी उतरणं शिकवते, त्यामुळे हा क्रम बघून मला खरंच आनंद झाला. मग टोकं जवळ, टाचा लांब, गुडघे वाकवून थांबायचं. हे थांबणं पक्कं होईपर्यंत तिने कुणालाही वर नेलं नाही. मुलगी माझ्याआधी शिकली. मुलांना पडण्याचं भय कमी असतं.

नवशिक्यांसाठीचे उतार गोंडोलाच्या वरच्या टोकाजवळच आहेत. जपानमध्ये फलकावर हिरवा म्हणजे सोपा, लाल म्हणजे मधला, काळा म्हणजे अवघड. पहिल्या दिवशी हिरवा सोडू नका. खाली इमारतीपर्यंत येणारी अडीच किलोमीटरची फाल्कन नावाची वाट आहे, तिच्या मोहात तर पडूच नका. दमलात की गोंडोलात बसून खाली यायचं. ही सोय असल्यामुळे ‘आता उतरायचं कसं’ ही धास्ती मनात राहत नाही आणि शरीर मोकळं राहतं.

भाड्याने स्की, बूट, जाकीट, पँट सगळं मिळतं. अर्जात उंची, वजन आणि पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये लिहावी लागते, म्हणून घरीच पाऊल मोजून ठेवा. वजन खरं लिहा. पडल्यावर बूट स्कीपासून सुटण्याचा ताण त्यावरून ठरतो आणि गुडघा वाचतो तो त्यामुळेच. हातमोजे, टोपी, गॉगल आणि आतले कपडे आपले न्यावेत. आपलं गाव सुताचं असलं तरी इथे सुती बनियन आणि मोजे नकोत. घाम आणि बर्फ दोन्ही सूत शोषून घेतं आणि अंग गार पडतं. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे घ्या. जीन्स घालून तर कुणी जाऊच नये. जायच्या आधी महिनाभर रोज बैठका मारा, भिंतीला पाठ टेकवून अर्धं बसून राहा. स्कीमध्ये मांड्या आणि पोटऱ्या भरून येतात, दंड नाही.

शाकाहाऱ्यांनी जेवणाची सोय सोबत ठेवावी. स्कीच्या ठिकाणी सगळीकडे करी-भात मिळतो, पण त्याच्या रश्श्यात मांसाचा अर्क असू शकतो, आणि उदोन नूडल्सच्या पाण्यात बहुतेकदा माशाचा दाशी, म्हणजे अर्क, असतो. आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली होती. थंडीत ती जी लागते, त्याला तोड नाही. शिवाय स्टेशनवर उमेबोशीची ओनिगिरी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ घातलेले भाताचे गोळे, घेऊन ठेवली. तो भाग कोशिहिकारी जातीच्या तांदळाचा आहे, नुसता भातसुद्धा गोड लागतो.

शनिवार-रविवार टाळा. टोकियो इतकं जवळ म्हटल्यावर सकाळच्या गाडीने सगळे इथेच येतात. नवीन वर्षाचा आठवडा, जानेवारीचा दुसरा सोमवार, ११ आणि २३ फेब्रुवारी या सुट्ट्यांनाही गर्दी असते. जानेवारीत आपली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते, ती सोडून जायचं माझ्या मनाला पटलं नाही. आम्ही फेब्रुवारीत मंगळवारी गेलो. बर्फ भरपूर आणि उतार मोकळा होता.

गालाला राहण्यासाठी जाऊ नका, ते एका दिवसाचं ठिकाण आहे. मुक्काम हवा तर एचिगो-युझावात गरम पाण्याच्या झऱ्यांची हॉटेलं आहेत. ज्यांना गाव, देऊळ, गल्ल्या असं काही हवं त्यांनी दुसऱ्या खेपेला नोझावा ओन्सेन गाठावं. तिथे गावकऱ्यांनी सांभाळलेली १३ सार्वजनिक स्नानगृहं आहेत आणि १५ जानेवारीला मोठा अग्निउत्सव होतो. आमची पुढची फेरी तिकडेच.

प्रवास विमा काढताना मात्र एक ओळ नीट वाचा. बऱ्याच पॉलिसीत स्की हा साहसी खेळ म्हणून वगळलेला असतो. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, पण स्कीचा उल्लेख असलेलीच पॉलिसी घ्या आणि तिची प्रत मोबाइलमध्ये ठेवा.